सहा वाट्या तेलाला एक वाटी मेण

शनिवार, २३ जानेवारी १९७१. दुपारी साडेतीन. कारखान्याच्या वसाहतीतला महिला मंडळाचा हॉल.

हजर: अध्यक्षीणबाई, त्यांच्याकडे पाहुण्या आलेल्या भावजय, डॉक्टरीणबाई, शाळेतल्या दोन बाई, स्टोअरकीपरांच्या सौभाग्यवती, वसाहतीतल्या आणखी बारा जणी आणि चिटणीस म्हणून मी. एकूण एकोणीस.

ही हजेरी माझ्या हातची आहे. मंडळाचं इतिवृत्त मी सहा वर्षं लिहिलं आणि त्यात खाडाखोड क्वचितच सापडेल. या यादीत माझ्या नणंदेची नोंद नाही. त्या दुपारी ती हॉलच्या मागच्या पडवीत शेगडीपुढे बसून मेण वितळवत होती. ज्या मलमासाठी हळदीकुंकवाचा एवढा थाट केला होता ते तिनेच शोधून काढलेलं, आणि पुढे यायचं नाही हे तिला मीच सांगितलं होतं.

मी तिला वन्सं म्हणायची. ती वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आमच्या घरात नणंदेला अहो-जाहो करायची पद्धत. दिवाळीच्या आधी आठ दिवस ती राहात्याहून एसटीने आली. एक ट्रंक आणि एक पितळी डबा. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली होती, आणि सासूने तिला सांगितलं होतं, "तुला कोणी जा म्हणत नाही. राहा की. फक्त चूल आता तिची."

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. माझे यजमान कारखान्यात लेखनिक होते, तीन वर्षं झाली तरी तात्पुरतेच. बहिणीला ते म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत राहा. मग बघू." ते कठोर माणूस नव्हते. जागा खरंच नव्हती. वन्सं रात्री स्वयंपाकघरात मोरीच्या कडेला झोपायची आणि पहाटे मी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवायची. मी कामांची वाटणी केली: पाणी आणि भांडी तिच्याकडे, स्वयंपाक आणि मुलं माझ्याकडे, सासूबाईंचं दोघींनी. वाटणी बरोबरीची होती असं मला तेव्हा वाटायचं.

गळीत हंगाम सुरू झाला आणि पाथर्डीकडच्या, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. त्यांच्या बायका वसाहतीच्या नळावर पाण्याला यायच्या. पहाटेच्या दवात उसात उभं राहून त्यांच्या टाचा अशा फाटायच्या की भेगेत नाणं उभं राहील. हातांवर पाचटाच्या पात्यांचे चरे. वन्संनी एक दिवस मुकादमाच्या बायकोला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि त्या पितळी डब्यातलं पिवळसर काहीतरी भेगांत भरलं.

"ह्ये काय, बाई? खायाचं का लावायचं?" मुकादमीण म्हणाली.

"बैलांचं आहे," वन्सं म्हणाली. "जू घासून खांदा सोलतो ना, त्यावर लावतो आम्ही. सासरी दर हिवाळ्यात मीच करते. करडईचं तेल, एरंडेल आणि मधाच्या पोळ्याचं मेण."

"बैलाचं औशद व्हय! मंग लागू पडंल की. आमीबी जुवाखालीच हाय." ती एवढ्याने हसली की नळावरच्या सगळ्या वळून बघायला लागल्या. चार दिवसांनी ती परत आली, सोबत सहा जणी घेऊन.

मला कामाची गोष्ट लगेच दिसते. महिला मंडळ तेव्हा विणकामाचे वर्ग आणि पापड एवढंच करत होतं. मी अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्यांचे यजमान कारखान्यात मोठे साहेब. कामगारांसाठी काय घ्यायचं, काय नाही, ते त्यांच्या सहीने ठरायचं. बाई म्हणाल्या, "बैलाचं मलम मंडळाच्या नावावर? अहो, लोक हसतील." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण चांगलं दिसेल असं करता आलं तर आणा."

चांगलं दिसेल असं करण्यात आमचा दीड महिना गेला. बैलाला चालतं ते डबीत भरून ठेवायला चालत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. बैलाचं मलम आज केलं की आठवड्यात संपतं. डबीतलं महिनाभर जसंच्या तसं राहायला हवं. पहिल्या खेपेत दुपारच्या उन्हात तेल वर सुटलं. मेण वाढवलं तर पहाटेच्या थंडीत दगड झालं, बोट घातलं तर नख मोडायचं. मेण कमी करून भरभर थंड केलं तर रव्यासारखे दाणे धरले. मी कागदावर रकाने आखले: तेल किती, एरंडेल किती, मेण किती, किती वेळ ढवळलं, कुठे निववलं. एकेका प्रकारच्या तीन डब्या करायच्या. एक पत्र्याच्या छपरावर, एक चुलीच्या वरच्या फळीवर, एक माठाशेजारी. सकाळ-दुपार-संध्याकाळ मी डब्या पालथ्या करून बघायची आणि लिहायची. अकरा प्रकार झाले. बाराव्याला जमलं. सहा वाट्या तेलाला एक वाटी मेण, त्या सहात दीड वाटी एरंडेल. मेण आणि तेल दोन्ही सारखंच तापलेलं हवं, मग एकत्र करून लाकडी डावाने एकाच बाजूला फिरवत राहायचं, डावाची रेघ वर उमटून राहीपर्यंत. निवलं की डबीत खरवसासारखं थरथरायचं, आणि उलटी केली तरी पडायचं नाही.

वन्संचा एक नियम कधी मोडायचा नाही: पाण्याचा थेंब जवळ येऊ द्यायचा नाही. पोळ्याचं मेण मळकट असतं, ते आधी पाण्यात उकळून गाळावं लागतं, पण नंतर ते ती दोन दिवस उन्हात वाळवायची आणि वितळवताना तडतड पूर्ण थांबेपर्यंत कान देऊन बसायची. भांडं पाण्यात ठेवून तापवलं तर वाफ लागते, म्हणून चणे भाजणाऱ्यासारखी घमेल्यात वाळू तापवून त्यात भांडं रोवायची. डब्या धुतल्यावर दिवसभर उन्हात. न्हालेल्या बाईला ओल्या केसांनी शेगडीजवळ येऊ द्यायची नाही. मला तर एकदा हात पुसायला लावून परत पाठवलं.

"बैलाच्या मलमात एकदा पाणी गेलं होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत केस उगवले त्याच्यावर. मामंजींनी तो डबा माझ्या अंगावर फेकला होता."

तो दीड महिना आमच्या नात्यातला सर्वांत चांगला. ती हाताने काम करायची, मी कागदावर. ती हसायला लागली होती. मी एकदा फळीवरची डबी उलटी केली आणि सगळं तेल माझ्या पातळावर आलं, तेव्हा म्हणाली, "लिहा, वहिनी. चिटणीसांचं पातळ: नापास."

साहेबांनी तीनशे डब्या घ्यायचं कबूल केलं. या हंगामात चांगल्या निघाल्या तर दर हंगामाला. मंडळाच्या हॉलच्या मागे पडवीला लागून एक खोली होती. जुनी टेबलं, मोडक्या खुर्च्या ठेवलेली. अध्यक्षीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काम पक्कं झालं की ही खोली तुमच्या वन्संना देऊ. मंडळातर्फे पगारही. राहतील, मलम करतील." दुसऱ्या दिवशी मी गेले तर खोली झाडलेली होती. खुर्च्या एका भिंतीला रचलेल्या, खिडकीची काच वर्तमानपत्राने पुसलेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा झाडलेली. "अजून दिलेली नाही, वन्सं," मी म्हणाले. "माहीत आहे," ती म्हणाली. "केर कुणाचाही काढता येतो."

संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, मंडळाचं हळदीकुंकू असायचं. बाईंनी ठरवलं की मलमाची पहिली खेप त्याच दिवशी सगळ्यांसमोर मांडायची आणि हजर सवाष्णींना एकेक डबी वाण म्हणून लुटायची. मी वेळापत्रक केलं. मग बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या वन्सं... तसं काही नाही हो. पण नवऱ्याने टाकलेली बाई. बायकांच्या मनात येतं. हळदीकुंकवाला त्यांना पुढे नको. तुम्ही समजावून सांगाल ना?"

"मी बघते," मी म्हणाले.

मी म्हणायला हवं होतं की मलम त्यांचं आहे. ते मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या यजमानांना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर गेला होता, आणि ते रोज संध्याकाळी घरात आल्यावर चपला काढण्याआधी मान हलवायचे, म्हणजे आजही नाही.

वन्संना मी कामाचं कारण दिलं. "पहिली खेप हॉलमध्ये निवेल. त्याच वेळी दुसरी खेप उतरवावी लागेल. तुम्ही मागे थांबाल का?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "कुंकू आहे अजून माझ्या कपाळाला, वहिनी."

मी हातातल्या वेळापत्रकाची घडी घातली.

"थांबते," ती म्हणाली. "मेणाकडे कुणीतरी बघायलाच हवं. फक्त एवढं करा. हॉलमधल्या डब्या पुरत्या थिजेपर्यंत झाकण लावू नका, आणि उघड्या आहेत तोवर कुणाला जवळ फिरकू देऊ नका."

मी ते लिहून घेतलं.

तर शनिवार, साडेतीन. लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दीडशे डब्या, पंधरा-पंधराच्या दहा रांगा, झाकणं शेजारी. मलम अजून कोमट, वर नुकतीच साय धरायला लागलेली. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं. अध्यक्षीणबाईंनी चांदीची गुलाबदाणी घेतली आणि बायकांवर गुलाबपाणी शिंपडलं. बायका डोळे मिटून हसत होत्या. मग बाई टेबलाकडे वळल्या.

"यांनाही हवं की! मंडळाचं पहिलंच बाळ."

आणि त्यांनी गुलाबदाणी डब्यांवर हलवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. त्यांचा हात सढळ होता. त्यांच्या भावजय म्हणाल्या, "वास बरा येईल आता, नाहीतर मेली बैलाची आठवण." सगळ्या हसल्या. मी टेबलापासून चार हातांवर होते. मऊ मलमावर थेंब बसलेले मला दिसले. काही तसेच गोल राहिले, काही हळूच आत गेले आणि त्यांच्यावर साय मिटली.

"बाई," मी म्हणाले.

"काय हो?"

वसाहतीतल्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "तिळगूळ या बाजूने फिरवू का?" मी विचारलं.

"फिरवा ना."

मी तिळगूळ फिरवला. सहा वाजता वेळापत्रकाप्रमाणे झाकणं लावली. काही डब्यांवरचं पाणी मी फडक्याने टिपलं. वरवरचं तेवढं निघालं. उरलेलं सुकेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अंगावर घालायच्या कपड्यावर पडलेलं गुलाबपाणी सुकतं, तसं. इतिवृत्तात लिहिलं: हळदीकुंकू, अत्तरगुलाब, वाण. अत्तरगुलाब कुणावर, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संनी एक डबी उघडून नाकाजवळ नेली. "गुलाबाचा वास येतोय."

"हॉलभर शिंपडलं होतं," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

एकोणीस डब्या वाण म्हणून गेल्या, बाकीच्या टोळ्यांना वाटल्या, मागच्या पडवीत भरलेल्या दीडशेही. फेब्रुवारी संपेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एका सकाळी मुकादमीण ओच्यात डब्या घेऊन नळावर आली.

"बाई, ह्यात शेवाळ उगवलंय. पोरीनं अंधारात लावलं, तं हाताला लव लागली. वरडाय लागली, उंदीर मेलाय म्हनून." ती हसत होती, पण डब्या तिने जमिनीवर मांडल्या त्या हाताच्या अंतरावर. राखाडी-हिरवी बुरशी, काहींत ठिपके, काहींत पूर्ण गालिचा. डॉक्टरीणबाईंनी वाणाची डबी मोलकरणीच्या हातून परत पाठवली, चिमटीत धरून.

आठ मार्चला बैठक झाली. त्या दिवशी वन्संना बोलावलं होतं. त्या दिवशी बायकांच्या मनात काही आलं नाही.

वन्सं रात्रभर परत आलेल्या डब्या लावत बसली होती. ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बिघडलेल्या सगळ्या हॉलमध्ये ठेवलेल्या पहिल्या खेपेतल्या आहेत. मागच्या पडवीत भरलेली एकही बिघडलेली नाही. त्यांच्यावर मी खुणेसाठी खिळ्याने रेघ मारली होती. तेल एकच, एरंडेल एकच, हात माझाच. म्हणजे ओतल्यानंतर काहीतरी झालं. पाणी लागलं कुठेतरी. हॉलमध्ये काय झालं?"

अठरा जणींनी ते पाहिलं होतं. शाळेतल्या बाईंपैकी एक खिडकीबाहेर बघत होत्या. मला आजही वाटतं की बऱ्याच जणींना खरंच कळलं नव्हतं. गुलाबपाणी हे पाणी आहे असं त्यांच्या मनात कधी आलंच नसेल. ते शुभ होतं. पण अध्यक्षीणबाईंना त्या क्षणी कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"आमच्या चिटणीसबाई तर सगळं टिपतात," त्या म्हणाल्या. "वाचा हो त्या दिवशीचं."

मी वाचलं. वेळ, हजेरी, हळदीकुंकू, अत्तरगुलाब, वाण, सहा वाजता झाकणं.

"आणखी काही राहिलंय का लिहायचं?" बाईंनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. वन्संही बघत होती. तिच्या बघण्यात आशा होती. तिला ठाऊक होतं की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"मग मेणच भेसळीचं," बाई म्हणाल्या. "दोन ढेपा होत्या ना? पहिलीत काहीतरी असणार. किंवा प्रमाण चुकलं. शेवटी कृती कुठली? गोठ्यातली."

"दुसरी खेप चांगली आहे," वन्सं म्हणाली.

"निम्मी चांगली, निम्मी सडलेली. कारखान्याने कुणाच्या भरवशावर घ्यायची? साहेबांना मी काय तोंड दाखवू?"

वन्सं खाली बसली. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दोन ढेपा होत्या, हे खरं." मला ते वाक्य अजून ऐकू येतं. त्या वाक्यापासून तिने दोष स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. ढेप पारखून तिनेच घेतली होती, राहुरीच्या बाजारात, नखाने खरवडून आणि वास घेऊन.

खोली पुन्हा खुर्च्यांची झाली. होळी झाली आणि तिच्या भावाने राहात्याला पत्र टाकलं. मी विरोध केला नाही. उन्हाळ्यापर्यंतच ठरलं होतं.

मी तिला एसटीपर्यंत पोचवायला गेले. ट्रंक टपावर चढली. ती खिडकीत बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही तिथेच होता. नक्की काय चुकलं असेल?"

मागून कंडक्टर ओरडत होता. माझ्याकडे एक पूर्ण मिनिट होतं. जास्तच असेल, कारण एक म्हातारा कोंबड्यांची पाटी घेऊन चढत होता आणि त्याचं कंडक्टरशी जुंपलं होतं. "कोंबडीला तिकीट?" "तिला बसायला जागा पायजे का?" "मंग मांडीवं घेतो की!" सगळी गाडी हसत होती.

"उकाड्यामुळे असेल," मी म्हणाले.

"फेब्रुवारीत?" ती म्हणाली. गाडी सुटली.

पाडव्याच्या आठवड्यात माझे यजमान कायम झाले. त्या संध्याकाळी त्यांनी मान हलवली नाही, पेढे आणले. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकीचा पायगुण बघ, ती गेली आणि झालं." मी पेढे वाटले. हळदीकुंकवाच्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर हा कागद अडला असता का, हे मला माहीत नाही. नसताही अडला. ते तपासून बघायचा मार्ग नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त टोचते.

आठ वर्षांनी एका साखरपुड्यासाठी राहात्याला गेले, तेव्हा तिच्या घरी गेले. गोठ्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली काढून दिली होती, तिथे ती राहायची. दुसरी बाई, जिला सगळे धाकटी म्हणायचे, तीच चहा घेऊन आली. वाईट बाई नव्हती. वन्संना आक्का म्हणायची.

फळीवर डब्यांची रांग होती. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्यासारखे रकाने.

"सोडलं नाही मी," वन्सं म्हणाली. "त्या वेळी काय चुकलं ते शोधत होते. तेल बदलून बघितलं. एरंडेल काढून टाकलं. तीळ घेतलं, करंज घेतलं. एकदाही बुरशी धरेना, म्हणजे चूक सापडेना! चूक झाल्याशिवाय कशी सापडणार?" ती हसली. "मग बाई म्हणाल्या होत्या तेच खरं असं ठरवलं. पहिल्या ढेपेत भेसळ, म्हणजे खरं मेण कमी पडलं. तेव्हापासून मेण अडीच वाट्या घालते. आता धोका नाही. लावून बघा."

मी बोट घातलं. आत गेलं नाही. नखाने खरवडलं तेव्हा मेणबत्तीसारखा कपचा निघाला.

"आक्कांचं मलम लावायला आधी विळा लागतो," धाकटी म्हणाली. "गावातल्या बाया नेत्यात, पण चुलीशी धरून पातळ करत्यात. आक्कांना सांगू नका हं, म्हणत्यात."

"ऐकू येतं मला," वन्सं म्हणाली. "घट्ट आहे ते खरं. पण नासत नाही."

तिला चांगलं मलम करता येत होतं. तिच्याइतकं चांगलं मी पुढे कुठेच पाहिलं नाही, दुकानातल्या बाटल्यांतही नाही. माझ्या एका "नाही"मुळे ती आठ वर्षं बिनचूक गोष्टीत चूक शोधत होती आणि शेवटी तिने ते बिघडवून टाकलं होतं. मी डबी घेतली, छान आहे म्हणाले, पिशवीत ठेवली. धाकटी समोर होती, चहा निवत होता, साखरपुड्याला उशीर होत होता. कारणं मला नेहमीच मिळतात.

त्यालाही आता नऊ वर्षं झाली. साहेबांची बदली कधीच झाली, अध्यक्षीणबाई त्यांच्याबरोबर गेल्या. सासूबाई गेल्या. यजमान अजून तिथेच आहेत, त्यांची नोकरी कुणाच्याही शब्दाने जाणार नाही. भ्यायला कोणी उरलेलं नाही. तीन वेळा पत्र लिहायला बसले. "चि. सौ. वन्संना" यानंतर पहिलं वाक्य लिहिता येत नाही. नुसतं "मेण कमी करा" असं लिहिलं तर ती विचारणार, का? आणि तिच्या "का"ला एकच उत्तर आहे. ते ऐकल्यावर ती काय म्हणेल, याचा अंदाज मला लागत नाही. बाकी सगळ्या गोष्टींचा लागतो.

गेल्या महिन्यात तिचं कार्ड आलं. थंडी पडायला लागली आहे, राहात्यात मेण चांगलं मिळत नाही, नगरला जाणं झालं तर पाच किलो आणावं, पारखून. माझ्या पारखीवर तिचा विश्वास आहे असंही लिहिलंय.

मी नगरला गेले. चार दुकानं फिरले, नखाने खरवडून, वास घेऊन पाच किलो घेतलं. खऱ्या प्रमाणाने केलं तर तिला दोनच पुरतील. मेण कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवलंय, येत्या सोमवारची सकाळची गाडी बघून ठेवली आहे. मागच्या सोमवारचीही बघितली होती. जायचं राहिलंय.